उशाशी कोण?

११ एप्रिल ही तारीख महाराष्ट्राच्या ओळखीची आहे ती जोतीराव फुल्यांमुळे. कस्तुरबा गांधींची जयंतीही याच दिवशी येते, आणि केंद्र सरकारने २००३ मध्ये हा दिवस ‘राष्ट्रीय सुरक्षित मातृत्व दिन’ म्हणून जाहीर केला. दोन जयंत्या एका दिवशी येणं हा निव्वळ योगायोग. पण बाळंतपणाविषयी बोलायचं तर या दोन्ही घरांत डोकावण्यासारखं आहे. १८६३ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात आपल्या राहत्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. दिवस गेलेल्या विधवांनी तिथं यावं, गुपचूप बाळंत व्हावं आणि मूल ठेवून जायचं असेल तर खुशाल ठेवून जावं, अशी ती सोय होती. १८८४ पर्यंत अशा ३५ जणी येऊन गेल्याची नोंद जोतीरावांनीच करून ठेवली आहे. त्या घरात ना शस्त्रक्रियेचं टेबल होतं, ना भूल देणारा डॉक्टर. अडलेल्या बाईला टाकून न जाणारी माणसं मात्र होती.

दुसरं घर डर्बनचं. १९०० साली कस्तुरबांच्या शेवटच्या बाळंतपणात कळा अचानक सुरू झाल्या. डॉक्टर लगेच मिळेना, सुईण आणण्यात वेळ गेला, आणि बॅरिस्टर गांधींनी स्वतःच बाळंतपण पार पाडलं. त्यासाठी त्यांनी एक गुजराती पुस्तक आधीच बारकाईने वाचून ठेवलं होतं. (नवरेमंडळींनी हा कित्ता गिरवावा असं आमचं म्हणणं नाही.)

आजची पहिलटकरीण कुठे असते? महाराष्ट्रात शंभरातल्या जवळपास ९५ जणी रुग्णालयात असतात. ही मोठीच कमाई आहे. तिच्याकडे नाक मुरडणाऱ्यांनी जुने आकडे पाहावेत. १९९७-९८ मध्ये देशात एक लाख जिवंत जन्मांमागे ३९८ माता दगावत होत्या. २०१८-२० मध्ये ही संख्या ९७ वर आली आणि महाराष्ट्रात ३३ वर. आजीच्या काळात सगळ्या बाया घरीच बाळंत व्हायच्या, हे खरं. त्यातल्या किती जणी बाळंतपणातून उठल्याच नाहीत, हे आजी सांगत नाही, कारण सांगायला जी उरली ती आजी झाली.

तेव्हा सीझर हा शब्द ऐकताच ज्यांच्या कपाळाला आठी पडते त्यांच्या बाजूने हा लेख नाही. वार खाली सरकलेली असेल, बाळ आडवं असेल, ठोके खरोखरच बसू लागले असतील, तर ती पाऊण तासाची शस्त्रक्रिया दोन जीव वाचवते. प्रश्न उरलेल्यांचा आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पहिल्या फेरीत, १९९२-९३ मध्ये, देशातली जेमतेम तीन टक्के बाळंतपणं सीझरने होत होती. २०१५-१६ मध्ये १७.२ टक्के झाली, २०१९-२१ मध्ये २१.५. महाराष्ट्र त्याच पाच वर्षांत २०.१ वरून २५.४ वर गेला. गोव्यात हा आकडा तेव्हा ३९.५ होता. आपल्या राज्यातल्या सरकारी दवाखान्यांत १८.२ टक्के आणि खासगीत ३९.१. म्हणजे दवाखान्याची पायरी बदलली की बाईच्या पोटावर सुरी चालण्याची शक्यता दुपटीहून अधिक होते. गुंतागुंतीच्या केसेस खासगीत जास्त येतात, असं उत्तर यावर मिळतं. आपल्याकडे खरी गुंतागुंतीची केस शेवटी कुठे पाठवली जाते, हे सिव्हिलच्या दारातल्या कोणत्याही रुग्णवाहिकेच्या चालकाला विचारावं.

या आकड्यांवर दरवर्षी एक ठरलेलं भांडण होतं. एक बाजू म्हणते, डॉक्टर पैसे कमावतात. दुसरी म्हणते, हल्लीच्या मुलींना कळा सोसायच्या नाहीत. दोन्ही बाजूंना थोडं खरं सापडतं, म्हणून भांडण मिटत नाही.

पैशाचं आधी पाहू. आयआयएम अहमदाबादच्या दोन अभ्यासकांनी २०१८ मध्ये हिशेब मांडला होता, की देशातल्या खासगी रुग्णालयांत एका वर्षात सुमारे नऊ लाख सीझर टाळता येण्याजोगी होती. लासलगावात वर्षानुवर्षं स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून काम केलेले डॉ. अरुण गद्रे आणि डॉ. अभय शुक्ला यांनी ७८ डॉक्टरांशी बोलून ‘कैफियत प्रामाणिक डॉक्टरांची’ हे पुस्तक केलं; धंद्याचं दुखणं तिथं धंद्यातल्याच माणसांनी सांगितलं आहे. तेव्हा पैसा हे कारणच नाही, असं कोणी म्हणू नये. पण मग तेलंगणाचं काय करायचं? तिथं २०१९-२१ च्या पाहणीत एकूण बाळंतपणांत ६०.७ टक्के सीझर होती. खासगीत ८१.५, हे एक वेळ समजलं. सरकारी रुग्णालयांतही ४४.५! आपल्या खासगी दवाखान्यांहून जास्त. तिथल्या सरकारी डॉक्टरला सीझरमागे खासगीसारखं बिल लावता येत नाही. त्याला काय मिळतं? वेळ मिळतो.

आमच्या मते भांडणाचं मूळ इथं आहे. नैसर्गिक बाळंतपणाला लागते ती वाट पाहण्याची तयारी, आणि वाट पाहणाऱ्याला आपल्या व्यवस्थेत दाम नाही. पहिलटकरणीला बारा-चौदा तास लागू शकतात. तेवढा वेळ कोणीतरी तिच्या उशाशी हवं: ठोके ऐकायला, कंबर चोळायला, पाणी पाजायला, ‘अजून सगळं ठीक आहे’ हे जाणतेपणाने सांगायला. तालुक्याच्या गावातलं दहा खाटांचं प्रसूतिगृह डोळ्यांसमोर आणा. डॉक्टर एकट्या किंवा नवरा-बायको दोघे. सकाळी ओपीडी, दुपारी शस्त्रक्रिया, संध्याकाळी पुन्हा ओपीडी. भूलतज्ज्ञ गावात एकच, तो चार दवाखाने फिरतो. रात्री नऊला मोकळा असतो, पहाटे तीनला फोन उचलेलच असं नाही. रक्तपेढी जिल्ह्याच्या ठिकाणी. रात्री साडेआठला बाई सहा सेंटिमीटरवर अडून आहे. पहाटे खरंच गरज पडली आणि भूलतज्ज्ञ आला नाही तर? त्यापेक्षा आत्ताच करून टाकू. हा निर्णय लोभातून होत नाही, तो घड्याळातून होतो. आणि एकदा घड्याळाची सवय लागली की भूलतज्ज्ञ हाताशी असलेल्या शहरातही ती सुटत नाही.

मग व्हरांड्यात येऊन सांगितलं जातं, ‘पाणी कमी झालंय’, ‘बाळाने आत शी केलीय’, ‘ठोके खालीवर होताहेत’, ‘नाळेचा वेढा आहे’. यांतलं प्रत्येक कारण खरं असू शकतं, आणि यांतलं एकही तपासून पाहायची सोय व्हरांड्यात उभ्या असलेल्या बापाला नसते. ‘रिस्क घ्यायची का?’ या प्रश्नाला आजवर कोणत्या आईबापाने ‘घ्या’ म्हटलंय? सही होते.

आपल्या एका लाडक्या चालीचाही यात हात आहे. पहिलं बाळंतपण माहेरी. सात महिने मुलगी पिंपरीतल्या किंवा ठाण्यातल्या डॉक्टरकडे तपासून घेते, डोहाळजेवण आटोपतं आणि प्लास्टिकच्या पिशवीत फाइल घालून ती लातूरला किंवा चिपळूणला येते. कळा सुरू होतात तेव्हा समोरचा डॉक्टर तिला दोनदा भेटलेला असतो. त्याला तिचा धीर ठाऊक नाही, तिला त्याचा हात ठाऊक नाही. अनोळखी माणसाबरोबर कोणीही जपूनच वागतं, आणि प्रसूतिशास्त्रात जपून वागणं म्हणजे हल्ली टेबलावर घेणं. माहेरी जाऊ नये असं कोण म्हणेल? पाचव्या महिन्यातच एकदा माहेरच्या डॉक्टरला भेटून यावं, इतकं मात्र करता येतं.

डॉक्टरांच्या बाजूची भीतीही खोटी नाही. मार्च २०२२ मध्ये राजस्थानातल्या दौसा जिल्ह्यात एक बाई बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावाने गेली. जमाव जमला आणि पोलिसांनी डॉक्टरवर थेट खुनाचं कलम लावलं. त्या डॉक्टरबाईंनी दुसऱ्या दिवशी आत्महत्या केली. ही बातमी वाचून देशातल्या किती स्त्रीरोगतज्ज्ञांनी मनातल्या मनात ‘आता थांबायचं नाही’ असं ठरवलं असेल, त्याची मोजदाद कोणत्याही पाहणीत होत नाही. लवकर सीझर केलं म्हणून कोणी दवाखाना फोडत नाही. उशीर झाला म्हणून फोडतात. ग्राहक आयोगातही तेच. मग सुज्ञ माणूस कुठल्या बाजूला झुकेल?

आता ‘हल्लीच्या मुलीं’विषयी. आमच्या मते हा आरोप निखालस अन्यायाचा आहे. कळांची भीती वाटणं यात हल्लीचं काय आहे? ती भीती वाढवायचं काम आपले प्रसूतिकक्ष इमानाने करतात. पाय बांधल्यासारखी उताणी निजवलेली बाई, दोन खाटांमध्ये फाटका पडदा, आतबाहेर करणारे दहाजण, आणि ओरडली तर ‘तेव्हा नाही ओरडलीस?’ हा टोमणा. ज्यांनी तो ऐकलाय त्या पुढच्या पिढीच्या कानात काय सांगणार? कमरेत इंजेक्शन देऊन कळा सोसण्याजोग्या करता येतात. पण महानगरांतली मोठी रुग्णालयं सोडली तर ती सोय कोणी विचारतही नाही. वेदनेवर उपाय द्यायचा नाही, माणूस जवळ थांबू द्यायचं नाही, आणि बाईने स्वतःहून ‘सीझरच करा’ म्हटलं की तिला नाजूक ठरवायचं!

मुहूर्ताचं खूळ मात्र खरं आहे, आणि ते बहुतेकदा बाईचं नसतं. मूळ नक्षत्र नको, अमावास्या नको, अक्षय तृतीया मिळाली तर उत्तम. २२ जानेवारी २०२४ ला, अयोध्येतल्या प्राणप्रतिष्ठेच्या दिवशी, बाळ व्हावं म्हणून कानपूरमध्ये डॉक्टरांकडे विनंत्या आल्याच्या बातम्या सगळ्यांनी वाचल्या. बाळाला दोन आठवडे अगोदर, ३७व्या आठवड्यातच, बाहेर काढलं की त्याला श्वासाचा त्रास व्हायची शक्यता वाढते. ग्रहांची शांत घरी करता येते, बाळाच्या फुप्फुसांची काचेच्या पेटीतच करावी लागते. तारीख काढून देणाऱ्या ज्योतिषाला दोष देऊच, पण ती तारीख टिपून घेणारी वही डॉक्टरच्या टेबलावर असते.

एक शब्द या सगळ्यात हळूच मरतो आहे: पायाळू. डोक्याऐवजी पायांनी आधी आलेलं मूल. पायाळू माणसाला गुप्तधन दिसतं, विजेचं भय त्यालाच जास्त, अशा कितीतरी समजुती खेड्यापाड्यांत होत्या. आता पायाळू मुलं जवळजवळ जन्मतच नाहीत. २००० साली एक मोठा आंतरराष्ट्रीय अभ्यास प्रसिद्ध झाला. पायांकडून येणाऱ्या बाळासाठी ठरवून केलेलं सीझर अधिक सुरक्षित, असा त्याचा निष्कर्ष होता. काही वर्षांत जगभरचे डॉक्टर त्या वाटेने गेले. पुढे त्या अभ्यासावर आक्षेप आले, पण तोवर हातातलं कसब गेलं होतं. आज निवासी डॉक्टर म्हणून शिकणाऱ्या मुलामुलींनी पायाळू बाळंतपण बहुधा पुतळ्यावरच केलेलं असतं. चिमट्याचंही तेच होऊ घातलं आहे. कसब गेलं की सीझर खरोखरच सुरक्षित पर्याय ठरतो. या चक्राला दुष्ट म्हणावं की नुसतं आळशी, हे आम्हाला ठरवता आलेलं नाही.

आणि पहिलं सीझर झालं की पुढचं जवळपास ठरलेलंच. ‘एकदा सीझर, कायम सीझर’ हे वाक्य आपल्याकडे नियमासारखं सांगतात. ते १९१६ मध्ये न्यूयॉर्कच्या एडविन क्रॅगिन या डॉक्टरने लिहिलं, आणि गंमत अशी की त्याला त्यातून बजावायचं होतं ते वेगळंच: पुढची सगळी बाळंतपणं अडकतील, म्हणून पहिलं सीझर करताना दहादा विचार करा. आपण इशाऱ्याचा नियम केला. तेव्हा गर्भाशय उभं कापत, आता खालच्या बाजूला आडवं कापतात. त्यामुळे बऱ्याच जणींना दुसऱ्या वेळी नैसर्गिक प्रयत्न करता येतो. त्यालाही पुन्हा उशाशी बसणारं माणूस आणि तयार असलेलं टेबल, दोन्ही लागतं. प्रत्येक सीझरच्या व्रणागणिक पुढच्या खेपेला वार त्या व्रणात रुतून बसायचा धोका वाढत जातो. अशी रुतलेली वार सोडवताना रक्ताच्या बाटल्या पुरत नाहीत आणि कधी गर्भाशयच काढावं लागतं. पहिल्या सहीच्या वेळी व्हरांड्यात हे कोणी सांगत नाही.

याच राज्यात गडचिरोलीतलं भामरागडही आहे. पावसाळ्यात नदीला पूर आला की गरोदर बाईला बाजेवर घालून किंवा नावेतून आणावं लागतं. म्हणून आरोग्य केंद्रांजवळ ‘माहेरघर’ची सोय करावी लागली, दिवस भरत आले की आधीच येऊन राहायला. तिथल्या बाईला टळणारं सीझर नको असतं, न मिळणारं हवं असतं. २५.४ या सरासरीत पुण्याची नको ती आणि भामरागडची हवी होती ती, अशा दोघी एकत्र मोजल्या गेल्या आहेत. म्हणूनच टक्क्यावर काठी उगारणं धोक्याचं. जागतिक आरोग्य संघटनेने १९८५ मध्ये ब्राझीलमधल्या फोर्तालेझा इथल्या बैठकीनंतर १० ते १५ टक्के हा आकडा सांगितला. २०१५ मध्ये तिनेच स्पष्ट केलं, की विशिष्ट टक्का गाठण्यापेक्षा जिला गरज आहे तिला सीझर मिळणं महत्त्वाचं. केरळात २०१९-२१ मध्ये ३८.९ टक्के सीझर होती आणि २०१८-२० मध्ये मातामृत्यू देशात सर्वांत कमी, लाखामागे १९. तिथल्या डॉक्टरांना टक्के कमी करायचा हुकूम सोडला तर पहिला बळी कोणाचा जाईल, हे सांगायला तज्ज्ञ नको.

मग काय मोजायचं? आयर्लंडच्या डॉ. मायकेल रॉब्सन यांनी २००१ मध्ये सगळ्या बाळंतिणींचे दहा गट पाडून दिले आणि आज जग ती पद्धत मानतं. त्यातला पहिलाच गट आपल्या कामाचा: पहिली खेप, एकच बाळ, डोकं खाली, दिवस भरलेले, कळा आपणहून आलेल्या. या बाईला सीझर लागण्याची कारणं फारशी नसतात. एखाद्या दवाखान्यात या गटातल्या किती जणींचं सीझर होतं, हे कळलं की तिथं वाट पाहतात की घड्याळ पाहतात ते कळतं. अडलेल्या, दुसऱ्या गावाहून पाठवलेल्या केसेस घेणाऱ्या चांगल्या डॉक्टरवर त्यात अन्यायही होत नाही. मुंबईच्या सुबर्णा घोष यांनी २०१७ मध्ये रुग्णालयांना सीझरचं प्रमाण जाहीर करायला लावा म्हणून अर्ज केला, लाखाहून अधिक लोकांनी त्यावर सह्या केल्या. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या योजनेतल्या रुग्णालयांना तसा फलक लावायला सांगितलंही गेलं. तिथून गाडी फारशी पुढे सरकली नाही.

महाराष्ट्राला ती ढकलता येईल. शुश्रूषागृह नोंदणीच्या २०२१ च्या नियमांनी इथल्या प्रत्येक खासगी रुग्णालयाला दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद भिंतीवर लावणं बंधनकारक केलं आहे. त्याच भिंतीवर आणखी एक ओळ हवी: गेल्या वर्षी पहिल्या गटातल्या इतक्या जणी आल्या, त्यांतल्या इतक्यांचं सीझर झालं. सरकारी रुग्णालयांनीही तीच ओळ लावावी.

दुसरं काम खर्चाचं आहे. डिसेंबर २०१८ मध्ये केंद्राने प्रशिक्षित प्रसूती-परिचारिका तयार करण्याची मार्गदर्शक तत्त्वं काढली. नर्सिंग झालेल्या मुलीला आणखी १८ महिन्यांचं शिक्षण द्यायचं आणि साध्या बाळंतपणाचा पूर्ण भार तिच्यावर सोपवायचा. सीझरने गांजलेल्या तेलंगणाने त्याच्याही आधी, २०१७ मध्ये, हे शिक्षण सुरू केलं होतं. आपल्याकडच्या एएनएमच्या नावातला शेवटचा ‘एम’ मिडवाइफचाच आहे. पण ती बिचारी लशी, रजिस्टरं आणि मोबाइलवरच्या नोंदी यांतून मान वर काढू शकत नाही. राज्यातल्या प्रत्येक स्त्री रुग्णालयात आणि जिल्हा रुग्णालयात या नव्या परिचारिकांची पदं निघावीत, त्यांना रात्रपाळीचा घसघशीत भत्ता मिळावा. खासगी प्रसूतिगृहांच्या बाबतीत सीझर आणि नैसर्गिक बाळंतपण यांचा विमा योजनांतला दर सारखा करून पाहावा. थांबणाऱ्याच्या पदरात काही पडू द्या, मग थांबतील.

आणि लेकीचं बाळंतपण करायला निघालेल्या आयांसाठी एक गोष्ट. सरकारी रुग्णालयाच्या प्रसूतिकक्षात बाईजवळ एका अनुभवी बाईमाणसाला थांबू द्यावं, अशी सूचना केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१६ मध्येच दिली आहे. दारावर कोणी अडवलं तर हे सांगा आणि आत जा.